टीबीच्या कागदावर धूळही लिहा

पंधरा वर्षं फौंड्रीत फेटलिंग, म्हणजे ओतीव लोखंडी भाग घासून साफ करण्याचं काम, केलेला माणूस खोकत सरकारी दवाखान्यात येतो. बेडका तपासतात, टीबी निघतो, गोळ्या सुरू होतात. ‘निक्षय’ या टीबीच्या सरकारी पोर्टलवर नोंद होते आणि पोषणाचे महिन्याला १,००० रुपये त्याच्या खात्यावर येऊ लागतात. आरोग्य खात्याच्या दृष्टीने काम चोख झालं. पण व्यवसायाच्या जागी ‘मजूर’ एवढाच शब्द पडला असेल, तर बरंच काही बुडालं. त्याला हा आजार का झाला, औषध किती महिने लागेल, भरपाईचा हक्क आहे की नाही, शेजारच्या ग्राइंडरवर उभ्या असलेल्यांना कोण तपासणार, या सगळ्याची वाट त्या एका शब्दाने बंद होते.

आमचं म्हणणं असं आहे. बेळगाव आणि आसपासच्या जिल्ह्यांत फौंड्री, क्रशर, दगडखाण, कौल-विटांचे कारखाने यांत काम केलेल्या कोणालाही टीबी निघाला, तर धुळीची चौकशी होईपर्यंत ती नोंद अपुरी समजावी. आणि ज्याच्या फुप्फुसात धुळीचा विकार आहे त्याची टीबीची तपासणी खोकल्याची वाट न पाहता दरवर्षी व्हावी. आज पहिला आजार आरोग्य खात्याच्या वहीत आणि दुसरा, नोंदला गेलाच तर, कारखाने खात्याच्या वहीत जातो. या दोन वह्या एकमेकींसमोर उघडल्या जात नाहीत.

मूळ आहे क्वार्ट्झ, म्हणजे वाळूत आणि दगडात असणारा स्फटिकरूप सिलिका. डोळ्यांना दिसणारी धूळ नाकाघशात अडकते आणि बेडक्यातून बाहेर पडते. घात करतात ते साधारण ५ मायक्रॉनहून बारीक कण. ते दिसत नाहीत, तासन् तास हवेत राहतात आणि थेट वायुकोशांपर्यंत जातात. तिथल्या भक्षक पेशी त्यांना गिळतात, पण क्वार्ट्झ पचत नाही. पेशीच मरते, कण मोकळा होतो, दुसरी पेशी त्याला गिळते. या चक्रातून घट्ट व्रणाच्या गाठी तयार होतात, तो सिलिकोसिस. टीबीच्या जंतूला कोंडून ठेवायचं काम याच भक्षक पेशींचं असतं. ती राखणच मोडली, की वर्षानुवर्षं निपचित पडलेला जंतू उठतो. सिलिकोसिस असलेल्याला टीबी होण्याचा धोका इतरांच्या सुमारे चौपट असतो. एक्स-रेत सिलिकोसिस दिसत नसला तरी नुसत्या धुळीनेही तो जवळपास दुप्पट होतो. बिडी आणि मधुमेह त्यात भर घालतात. काम सोडल्यावर कण फुप्फुसातून निघून जात नाहीत, त्यामुळे धोकाही कामाबरोबर सुटत नाही.

धुळीच्या कामावर गूळ खाल्ला की धूळ उतरते, ही समजूत आपल्याकडे खोल रुजली आहे. गुळाचाच मुलूख हा. गूळ खावा, घशाला बरं वाटतं. पण तो अन्ननलिकेतून पोटात जातो आणि धूळ बसलेली असते फुप्फुसात. या समजुतीने माणूस निर्धास्त होतो, म्हणून तिच्याबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे.

सगळी धूळ सारखी नसते, आणि हे तपासणी करणाऱ्यालाही ठाऊक असायला हवं. बेळगावच्या पश्चिम-उत्तरेचा काळा दगड बेसाल्ट आहे. त्यात मोकळा क्वार्ट्झ फारच थोडा. गोकाकचा धबधबा ज्या कड्यावरून पडतो तो वालुकाश्म आणि क्वार्ट्झाइट जवळपास सगळा क्वार्ट्झच. सौंदत्ती, रामदुर्ग, पुढे बागलकोटकडे हाच कलादगीचा खडक पसरला आहे. इलकलचा ग्रॅनाइट या दोन्हींच्या मधला. म्हणून ‘क्रशरवर होतो’ एवढ्याने भागत नाही, कुठल्या दगडाच्या क्रशरवर ते विचारावं लागतं.

फौंड्रीचं तसंच. उद्यमबाग, मच्छे, नावगे, काकती, होनगा इथल्या कारखान्यांतून एकाच छपराखाली पाच-सहा वेगवेगळी कामं चालतात आणि त्यांची धूळ वेगवेगळी असते. मोल्डिंगची ओली वाळू तुलनेने निरुपद्रवी, कारण तिच्यात तीन-चार टक्के ओलावा आणि बेंटोनाइट ही चिकणमाती असते. तीच वाळू १,४०० अंशांच्या आसपास तापलेल्या लोखंडाखाली भाजते, ओलावा उडून जातो, दाणे तडकतात. मग नॉकआउटला साचा फोडला की बारीक धूळ उठते. फेटलिंगला कास्टिंगवर जळून चिकटलेली वाळू ग्राइंडरने खरवडतात, तेव्हा कामगाराचं तोंड चाकापासून हातभर अंतरावर असतं. सगळ्यांत वाईट काम विजेवरच्या इंडक्शन भट्टीच्या लायनिंगचं, म्हणजे आतल्या अस्तराचं. त्यासाठी ठोकून बसवतात ती रॅमिंग मास म्हणजे जवळजवळ शुद्ध क्वार्ट्झ, त्यातला काही भाग पिठासारखा बारीक. जुनं लायनिंग फोडायला माणूस भट्टीच्या खड्ड्यात उतरतो, तिथे हवा फिरत नाही. हे काम महिन्यातून थोडेच दिवस असतं, बहुधा ठेक्यावर देतात, आणि म्हणून कुठल्याच मोजमापात येत नाही. पाळी सुटताना झाडूने केर काढणं आणि कॉम्प्रेसरच्या हवेने अंगावरचे कपडे झटकणं, या दोन सवयी दिवसभर खाली बसलेली धूळ पुन्हा उठवतात.

तेव्हा डॉक्टरांनी, आशाताईंनी, क्षय पर्यवेक्षकांनी विचारायचं ते एवढंच: नेमकं काम कोणतं, किती वर्षं, त्याआधी कुठे होता, शेजारी काम करणाऱ्यांपैकी कोणाला दम लागतो का. दोन मिनिटं पुरतात. उत्तर जसंच्या तसं लिहावं: ‘फेटलिंग, १५ वर्षं, त्याआधी ४ वर्षं गोकाककडे दगडखाण.’

निदानात चूक दोन्ही बाजूंनी होते. सिलिकोसिसच्या गाठी फुप्फुसाच्या वरच्या भागात दिसतात आणि टीबीलाही तीच जागा आवडते. बारीक ठिपके सगळीकडे पसरलेले दिसले, की मिलिअरी टीबी समजून गोळ्या सुरू होतात. बेडका निगेटिव्ह, ताप नाही, वजन टिकून आहे, तरी सहा महिने औषध. फरक पडत नाही, म्हणून पुन्हा औषध. दोन-तीनदा टीबीचा कोर्स झालेला, पण एकदाही जंतू न सापडलेला धुळीचा कामगार दिसला, तर आधीच्या निदानावरच शंका घ्यावी. उलट चूक याहून घातक. ‘याला जुना सिलिकोसिस आहे, खोकला असायचाच’ म्हणून खरा टीबी महिनोन् महिने तसाच राहतो आणि तोवर घरातल्यांना, खोलीतल्या सोबत्यांना लागण होते.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला हा टीबीच्या शोधाचा नेहमीचा निकष इथे निरुपयोगी आहे. फेटलिंगवाला बाराही महिने खोकतो. त्याच्या बाबतीत बघायचं ते खोकल्यातला बदल, संध्याकाळची कणकण, रात्रीचा घाम, उतरलेलं वजन, बेडक्यात रक्त. आणि सर्वांत उपयोगी पडतो जुना एक्स-रे. सिलिकोसिसची सावली वर्षांच्या हिशेबाने बदलते. दोन-चार महिन्यांत एका बाजूला नवी सावली किंवा पोकळी दिसली, तर टीबी गृहीत धरूनच शोध घ्यावा. म्हणून प्रत्येक कामगाराने आपल्या फिल्म, किंवा मोबाइलवर घेतलेले त्यांचे फोटो, तारखेसकट जपून ठेवावेत. कारखान्याने काढलेल्या एक्स-रेची प्रतही मागून घ्यावी, तो त्याच्या छातीचा आहे.

या रुग्णांत सूक्ष्मदर्शकाखाली जंतू सापडण्याचा भरवसा कमी, कारण ते व्रणांत कोंडलेले असतात. त्यामुळे पहिलीच तपासणी सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या जंतूचे जनुक शोधणाऱ्या यंत्रांवर व्हावी. ट्रूनॅट यंत्र आपल्या घाटाखाली गोव्यातल्या कंपनीनेच बनवलेलं आहे. रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडतं की नाही, हेही त्यातून त्याच दिवशी कळू शकतं. नमुना मात्र नीट हवा. साध्या पाण्याने चूळ भरायची, दोन-तीनदा खोल श्वास घ्यायचा, छातीतून खोकून घट्ट बेडका काढायचा. दोन ते पाच मिलिलिटर पुरतो. एक नमुना जागेवरचा आणि एक पहाटेचा, उठल्या उठल्या. लाळेने भरलेली नळी पाठवली, तर निगेटिव्ह येतं आणि सगळे निश्चिंत होतात.

टीबी नाही हे नक्की झालं, तर काम तिथे संपत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आपला राष्ट्रीय कार्यक्रम, दोन्ही सिलिकोसिसच्या रुग्णाला प्रतिबंधक औषधाच्या यादीत धरतात. त्वचेची किंवा रक्ताची चाचणी करून सुप्त लागण आढळली, तर रोज आयसोनियाझिड सहा महिने, किंवा आयसोनियाझिड-रिफापेंटिन आठवड्यातून एकदा असे १२ डोस. आधी सक्रिय टीबी नाही याची खात्री हवीच. नाहीतर एकट्या औषधाने जंतू निर्ढावतो. दारू पिणाऱ्याच्या यकृताकडेही लक्ष ठेवावं लागतं. हे औषध सरकारी यंत्रणेत मोफत आहे. एचआयव्ही असलेल्यांना आणि टीबीच्या रुग्णांच्या घरच्यांना ते दिलं जातं. फौंड्रीच्या कामगारापर्यंत ते पोहोचायला त्याच्या कागदावर ‘सिलिकोसिस’ हा शब्द आधी यावा लागतो.

उपचाराच्या मुदतीवरही याचा परिणाम होतो. साध्या टीबीला सहा महिने: दोन महिने चार औषधं, पुढे चार महिने तीन. हाँगकाँगमध्ये सिलिकोसिससह टीबी असलेल्या रुग्णांवर सहा आणि आठ महिन्यांच्या उपचारांची तुलना झाली होती. १९९१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: तीन वर्षांत आजार उलटण्याचं प्रमाण सहा महिनेवाल्यांत २२ टक्के, आठ महिनेवाल्यांत ७ टक्के. मुदत वाढवायची की नाही हे छातीच्या डॉक्टरांनी त्या-त्या रुग्णाकडे पाहून ठरवायचं. पण त्यांना सिलिकोसिस माहीतच नसेल, तर ठरवणार काय? गोळ्या संपल्यावर दर सहा महिन्यांनी, दोन वर्षांपर्यंत तपासणी करायची असते. या माणसांच्या बाबतीत तीत एकही फेरी चुकता कामा नये. आणि बरा झालेला माणूस त्याच ग्राइंडरवर परत उभा राहिला, तर आठ महिन्यांची मेहनत वाया जाते.

आता पैशाबद्दल, कारण घर त्यावर चालतं. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत, सी भागात, सिलिकोसिसबरोबर ‘सिलिको-ट्युबरक्युलोसिस’ हा आजार नाव घेऊन लिहिला गेला. अट एकच: अपंगत्वाला किंवा मृत्यूला सिलिकोसिस हे आवश्यक कारण असावं. म्हणजे धुळीत काम करणाऱ्याचा टीबी हा कामाचा आजार असू शकतो, हे कायद्याने केव्हाच मान्य केलं आहे. ईएसआयच्या, म्हणजे कामगार राज्य विम्याच्या, यादीतही तो याच शब्दांत आला. ईएसआयचं गणित पाहा. महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या विमाधारकाला नुसता टीबी झाला, तर वाढीव आजारभत्ता मिळतो, पगाराच्या ८० टक्के दराने, जास्तीत जास्त दोन वर्षं. त्यासाठीही आधीची दोन वर्षांची नोकरी आणि ठराविक दिवसांची वर्गणी लागते. तोच आजार व्यावसायिक म्हणून सिद्ध झाला, तर तात्पुरत्या अपंगत्वात ९० टक्के, अपंगत्व असेतोवर. कायमचं अपंगत्व ठरलं, तर कमावण्याची ताकद जेवढी गेली त्या प्रमाणात आयुष्यभर महिन्याला रक्कम. मृत्यू झाला, तर बायकोमुलांना निवृत्तिवेतन. छाती तीच, बेडकाही तोच. एका नोंदीने दोन वर्षांची सोय होते, दुसरीने जन्माची.

जुन्या कारखाने कायद्यात सिलिकोसिस हा कळवण्याजोगा आजार होता, नव्या कामगार संहितेतही तो आहे. कारखान्याने कळवायचा, आणि निदान करणाऱ्या डॉक्टरनेही राज्याच्या मुख्य निरीक्षकांना लेखी कळवायचा. टीबी कळवण्याची सवय आता खासगी डॉक्टरांनाही लागली आहे. सिलिकोसिस कळवण्याची सवय लावलीच गेली नाही. हे याच कर्नाटकात घडतंय, हे जास्त लागतं. भारतात सिलिकोसिसची पहिली नोंद १९३४ साली कोलारच्या सोन्याच्या खाणींतून झाली. ज्ञान राज्याच्या दक्षिण टोकाला होतं, उत्तरेच्या फौंड्र्यांपर्यंत ते आलंच नाही.

१९४८ च्या कारखाने कायद्यात फौंड्री धोकादायक प्रक्रियेत धरलेली होती. कामावर घेताना, कामावर असताना दर १२ महिन्यांनी, आणि काम सोडल्यानंतरही तपासणी, अशी तरतूद होती. काम सोडल्यानंतरची तपासणी कागदावरच राहिली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता आल्या आणि कारखान्याची व्याख्या विजेवर चालणाऱ्या ठिकाणी १० कामगारांवरून २० वर गेली. उद्यमबागेत जॉबवर्कची फेटलिंग करणाऱ्या गाळ्यात अनेकदा बारा-पंधरा माणसंच असतात. धूळ मात्र तिथेच जास्त, कारण मोठा कारखाना घाण काम बाहेर काढतो. म्हणून धोकादायक कामाला माणसांच्या संख्येची अट नको. राज्य सरकारने निदान फौंड्री, क्रशर आणि दगडकाम यांच्यासाठी हा उंबरठा काढून टाकावा.

सीमाभागाची अडचण आणखी वेगळी. चंदगडचा माणूस बेळगावात काम करतो, निपाणीचा माणूस कोल्हापूरच्या शिरोलीत. आजारी पडला की तो गावी जातो आणि टीबीची नोंद दुसऱ्या राज्यात होते. निक्षयचा क्रमांक देशभर चालतो, ईएसआयचाही. पण कारखाने निरीक्षकाची हद्द राज्यापुरती. चंदगडच्या डॉक्टरने बेळगावच्या कारखान्याबद्दल कोणाला कळवायचं, याची सोय दोन्ही राज्यांच्या जिल्हा प्रशासनांनी बसून करावी. बेळगाव आणि कोल्हापूरच्या क्षयरोग अधिकाऱ्यांनी महिन्यातून एकदा याद्यांची देवाणघेवाण केली, तरी निम्मं काम होईल. भाषेचंही बघा. तपासणीचा अहवाल आणि धोक्याची सूचना कन्नडमध्ये असायलाच हवी. पण मजगाव, पिरनवाडी, येळ्ळूर, किणये इथून येणाऱ्या कामगाराला ती मराठीत, आणि बिहार-ओडिशाहून आलेल्याला हिंदीत मिळाली पाहिजे. स्वतःच्या छातीबद्दलचा कागद माणसाला वाचता आला नाही, तर तो कागद दिला असं म्हणता येत नाही.

कारखानदार म्हणतील, दर पडलेले, धूळ ओढायची यंत्रणा महाग. अडचण खरी आहे. पण यंत्रणा आहे तिथेही ती चुकीची बसवलेली असते, तेव्हा पैसे आधीच वाया गेलेले असतात. सहा इंची नळीचं तोंड चाकापासून सहा इंच दूर असेल, तर तिथली ओढ तोंडाशी असते त्याच्या दहाव्या हिश्शावर येते. दीड फुटावर लावलेली नळी फक्त आवाज करते. हूड, म्हणजे धूळ ओढणारं तोंड, ठिणग्या उडतात त्या दिशेला आणि चाकाला भिडून हवं. नळीतल्या हवेचा वेग सेकंदाला १८ ते २० मीटरपेक्षा कमी झाला, तर वाळू आडव्या नळीत बसते आणि पहिलं वळण तुंबतं. धूळ गाळणाऱ्या कापडी पिशव्यांच्या बॅग फिल्टरचा मॅनोमीटर, म्हणजे दाबमापक, रोज वाचून लिहावा. दाब अचानक पडला तर पिशवी फाटली आहे, चढत गेला तर तुंबली आहे. हवेने कपडे झटकणं बंद करायला आणि केर व्हॅक्यूमने किंवा ओलं करून काढायला फार खर्च येत नाही. नवी भट्टी घेताना जुनं लायनिंग अखंड बाहेर ढकलणारी पुश-आउटची सोय मागून घ्यावी, म्हणजे माणसाला खड्ड्यात उतरावं लागत नाही.

मर्यादा किती कमी आहे, तेही समजून घ्यावं. १९४८ च्या कारखाने कायद्याचं सूत्र असं: श्वसनीय धुळीसाठी १० ला, क्वार्ट्झची टक्केवारी अधिक २, याने भागायचं. येणारा आकडा घनमीटरला मिलिग्रॅममध्ये. धूळ शुद्ध क्वार्ट्झची असेल, तर ०.०९८. पाळीत माणूस साधारण १० घनमीटर हवा घेतो, म्हणजे दिवसाला १ मिलिग्रॅम. वर्षाच्या ३०० पाळ्यांची सगळी मिळून मर्यादा चिमूटभर मिठाएवढी होते. अमेरिकेने २०१६ मध्ये ती याच्या निम्म्यावर, ०.०५ वर आणली. तेव्हा ‘आमच्याकडे फार धूळ दिसत नाही’ हे उत्तर चालणार नाही. कामगाराच्या कॉलरला सायक्लोन, म्हणजे जाड कण वेगळे काढणारं छोटं उपकरण, आणि फिल्टर लावून, पूर्ण पाळीभर मोजूनच ते ठरतं. तोंडाला बांधलेला टॉवेल हे कण अडवत नाही. एन-९५ अडवतो, पण चेहऱ्याला घट्ट बसला तरच, आणि भट्टीजवळच्या उकाड्यात आठ तास तो कोणी घालू शकत नाही. मास्क लायनिंगसारख्या थोड्या वेळाच्या कामाला, रोजच्या धुळीला हूड.

कामगारांची भीती वेगळी आहे: तपासणीत काही निघालं तर घरी बसवतील. ती भीती गेल्याशिवाय कोणी खरं सांगणार नाही. आजारभत्ता चालू असताना कामावरून काढता येत नाही, ही तरतूद १९४८ च्या ईएसआय कायद्यात होती. तीच हमी कायम ठेवावी आणि कारखान्याच्या फलकावर तीन भाषांत लावावी. तपासणीचा निकाल आधी कामगाराच्या हातात द्यावा, आणि धुळीतून बाजूला केलेल्याला पॅटर्न शॉपमध्ये किंवा डिस्पॅचला त्याच पगारावर घ्यावं. ठेकेदाराच्या माणसांनाही हेच लागू व्हावं. लायनिंग तेच फोडतात.

२०२५ पर्यंत देश क्षयमुक्त करायचा, असं उद्दिष्ट होतं. ते वर्ष सरलं. शोधमोहिमांत हातातलं एक्स-रे यंत्र घेऊन पथकं गावोगाव फिरू लागली आहेत. ही यंत्रं औद्योगिक वसाहतींच्या फाटकांवर पाळी सुटण्याच्या वेळी लावावीत. काम सोडून गेलेल्यांची नावं भविष्यनिर्वाह निधीच्या आणि ईएसआयच्या नोंदींत आहेत, पत्त्यासकट. त्यातून दहा वर्षांहून जास्त फेटलिंग, नॉकआउट किंवा लायनिंग केलेल्यांची गाववार यादी काढावी आणि पहिला एक्स-रे त्यांचा घ्यावा. यादीत नाव सापडलं आणि माणूस हयात नसेल, तर मृत्यूच्या दाखल्यावर कारण काय लिहिलं आहे ते बघावं, घरात जुन्या फिल्म आहेत का विचारावं, आणि असल्या तर भरपाईचा अर्ज भरायला त्याच्या बायकोला तिथेच मदत करावी.